राजा (कँडीचा हत्ती)

राजा म्हणजे श्रीलंकेत कँडीच्या दळदा मालिगावाचा, म्हणजे बुद्धाच्या दाताच्या मंदिराचा, सगळ्यात फेमस हत्ती. जन्म साधारण १९१३ चा. १९२५ च्या सुमारास बट्टिकलोआकडच्या एरावूरच्या जंगलात पकडला गेला, तिथून एका सरदार घराण्यानं विकत घेतला आणि १९३७ मध्ये मंदिराला दान दिला.

मंदिराचा मोठा उत्सव म्हणजे एसला पेरहेरा, जुलै-ऑगस्टमध्ये, दहा रात्री मिरवणूक. मशाली, ढोल, कँडीचे नाचे, चाबूक फोडणारे, आणि एकामागून एक झुली घातलेले हत्ती. त्यातला मानाचा हत्ती पाठीवर सोन्याचा करंडुवा घेऊन चालतो (आपला करंडा शब्द आठवला ना?). पण खरा दात त्यात नसतो हां, तो मंदिरातून बाहेर पडतच नाही, करंडुवा प्रतीक म्हणून फिरतो. तरी लोक हात जोडतात ते त्यालाच. हत्तीच्या पायाखाली पांढरं कापड अंथरत जातात, मागचं उचलून परत पुढे, सरळ पायघड्याच म्हणा ना. राजानं हा मान १९५० पासून साधारण ३७ वर्षं सांभाळला.

कुठलाही हत्ती यासाठी चालत नाही. त्याला सुळे हवेत, आणि श्रीलंकेतल्या बहुतेक नर हत्तींना सुळेच नसतात, त्यात परंपरेनं सद्दंत कुळातला हवा, म्हणजे उभा राहिला की चार पाय, सोंड, शेपूट आणि जननेंद्रिय अशा सात जागा जमिनीला टेकायला हव्यात. सद्दंत म्हणजे पालीतला छद्दंत, जातककथेतला सहा सुळ्यांचा हत्ती, अजिंठ्याला लेणी क्र. १० आणि १७ मध्ये त्याचीच चित्रं आहेत, तिकडे गेलात तर नक्की बघा.

अंगकाठी जमली तरी स्वभाव हवाच. मशालीचा धूर, ढोल, गर्दी, आणि नर हत्ती माजावर आला की माहुतालाही ऐकत नाही, त्यामुळे शांत डोक्याचा हत्ती मिळणं हेच खरं अवघड.

ऑगस्ट १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी राजाला राष्ट्रीय ठेवा जाहीर केलं. १६ जुलै १९८८ ला तो गेला. पेंढा भरलेलं त्याचं शरीर मंदिराच्या आवारातच काचेआड ठेवलंय, वेगळं म्युझियमच केलंय त्याच्यासाठी, शिवाय पोस्टाचं तिकीटही निघालं.

पुढे हा मान बरीच वर्षं नडुंगमुवे राजा नावाच्या दुसऱ्या हत्तीकडे होता, तो मूळचा म्हैसूरचा. उत्सवासाठी गंपहाकडून कँडीपर्यंत जवळजवळ ९० किलोमीटर चालत जायचा, तेही रात्री, ऊन टाळायला. २०१५ मध्ये रस्त्यात एक मोटरसायकल जवळपास धडकलीच, तेव्हापासून सोबत बंदूकधारी जवान. मार्च २०२२ मध्ये, ६८ वर्षांचा असताना गेला आणि त्याचंही शरीर जतन करायचे आदेश निघाले.

एवढा मान असला तरी पायात साखळदंड असतातच, प्राणिप्रेमींचा आक्षेप त्यालाच आहे आणि तो काही उगाच नाही. भाविकांच्या मते मात्र ही त्या हत्तीची पुण्याई.