कपल थेरपी म्हणजे घटस्फोटाची तयारी? अजिबात नाही!

"काउन्सेलरकडे गेले म्हणजे आता कोर्टातच जाणार" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! ते कुठून आलं तेही कळतं, कारण १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने कोर्टातच समुपदेशक आले, केस टाकली की त्यांच्यासमोर बसायचं, मग जोडप्याचं समुपदेशन म्हटलं की लोकांना कोर्टच आठवतं. पण थेरपी वेगळी. तिला केस लागत नाही, वकील लागत नाही, आणि भांडण टोकाला जायची वाट तर बघूच नका. थेरपिस्ट कोण चुकलं याचा निकाल देत नाही, तेच तेच भांडण पुन्हा पुन्हा का होतं ते दोघांना दिसावं म्हणून मदत करतो. कधी एकेकट्याशीही बोलतात, तेव्हा सांगितलेलं जोडीदाराला कळणार का, हे पहिल्याच सेशनला विचारून घ्या, प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. जोडीदार यायला तयार नसेल तर एकट्याने जा, तेही चालतं. ग्रुपही असतात, पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसांच्या घरच्यांचेसुद्धा गट भरतात. फक्त घरात मारहाण होत असेल तर जोडीने बसायची घाई नको, आधी सुरक्षित व्हा, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा.