लाइट यील्ड आणि एनर्जी रिझोल्युशन: पुन्हा एकदा

गॅमा किरण पडला की चमकणाऱ्या सोडियम आयोडाइड क्रिस्टलचा दंडगोल, मागे तो उजेड विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी फोटोमल्टिप्लायर नळी, समोर गॅमा सोडणारा सीझियम-१३७ आणि स्क्रीनवर ६६२ केईव्हीचा (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, एमईव्ही त्याच्या हजारपट) फोटोपीक, म्हणजे गॅमाची सगळी ऊर्जा क्रिस्टलमध्ये जिरल्याचं शिखर. हे प्रॅक्टिकल केलेल्यांना लाइट यील्ड वेगळा समजावायला नको. एक एमईव्ही ऊर्जा क्रिस्टलमध्ये जिरली की किती फोटॉन निघतात, तो आकडा. सोडियम आयोडाइडचा साधारण ३८,०००. रिझोल्युशन म्हणजे फोटोपीकची अर्ध्या उंचीवरची रुंदी भागिले त्याची ऊर्जा, टक्क्यांत. आकडा लहान तितकं चांगलं, त्यामुळे "रिझोल्युशन वाढलं" असं कोणी म्हणालं की मला विचारावं लागतं, सुधारलं की बिघडलं? आणि कुठल्या ऊर्जेला ते न सांगता नुसते टक्के सांगणाऱ्याशी मी बोलतच नाही.

भांडण आहे ते पुढच्या वाक्याशी: "सीझियम आयोडाइडचा यील्ड ५४,००० आहे, म्हणजे रिझोल्युशन सोडियमपेक्षा भारीच येणार." दरवर्षी कोणीतरी डेटाशीट नाचवत हे ऐकवतं.

यातली सोपी चूक आधी उरकू. थॅलियम घातलेल्या सीझियम आयोडाइडचा उजेड ५५० नॅनोमीटरच्या आसपास, हिरवट-पिवळा. नेहमीच्या बायअल्कली नळीला (बायअल्कली हा तिच्यातल्या उजेड टिपणाऱ्या थराचा प्रकार) निळा मानवतो, म्हणून तिच्यावर सीझियमचा सिग्नल सोडियमच्या निम्म्याहूनही कमी भरतो. नळीऐवजी सिलिकॉन फोटोडायोड लावला की चित्र पालटतं. झालं.

खरी मेख पुढे आहे. सोडियम आयोडाइडमध्ये ६६२ केईव्हीचे सुमारे २५,००० फोटॉन होतात, आणि चांगल्या नळीत त्यांतून ६,००० च्या आसपास फोटोइलेक्ट्रॉन, म्हणजे उजेडाने मोकळे केलेले इलेक्ट्रॉन, सुटतात. रुंदी केवळ या मोजणीच्या चढउताराची असती, तर २.३५ (घंटेच्या आकाराच्या पीकची अर्ध्या उंचीवरची रुंदी भागिले तिचं प्रमाण विचलन) भागिले ६,००० चं वर्गमूळ, म्हणजे ३ टक्के. नळीच्या गेनची (ती सिग्नल किती पट वाढवते त्याची) डगमग धरून सव्वातीन म्हणा. स्क्रीनवर मात्र साडेसहा-सात दिसतात. या रुंद्या वर्ग करून मिळवायच्या असतात, तेव्हा साडेसहाच्या वर्गातून सव्वातीनचा वर्ग वजा करून वर्गमूळ काढलं की उरतात साडेपाचच्या वर. हे कुठून आले? थोडे क्रिस्टलच्या कमी-जास्त एकसारखेपणातून. बरेचसे मात्र उजेड ऊर्जेच्या सरळ प्रमाणात नसल्यामुळे.

सुट्ट्या पैशांसाठी हैराण झालेला वाणी डोळ्यांसमोर आणा. शंभराची नोट दिली तर शंभराचाच माल, पण दहाची दहा नाणी दिली तर खूश होऊन एकशे पंधराचा. आता प्रत्येक गिऱ्हाइकाने बरोबर ६६२ रुपये दिले, कोणी नोटांत, कोणी चिल्लरीत, तर पिशव्यांचं वजन सारखं भरेल का? सोडियम आयोडाइड हा असाच वाणी आहे. १०-२० केईव्हीचा मंद इलेक्ट्रॉन दर केईव्हीमागे वेगवान इलेक्ट्रॉनपेक्षा पंधराएक टक्के जास्त उजेड देतो. आणि ६६२ केईव्हीचा गॅमा कधी जवळपास सगळी ऊर्जा एकाच इलेक्ट्रॉनच्या हवाली करतो, तर कधी दोन-तीन कॉम्प्टन टकरींत, म्हणजे इलेक्ट्रॉनला धडकून थोडी ऊर्जा देत पुढे जाताना, वाटून टाकतो. बेरीज दर वेळी ६६२, उजेड दर वेळी वेगळा. फोटॉन दुप्पट केले तरी ही रुंदी जागची हलत नाही, कारण ती मोजणीची नाहीच.

पटत नसेल तर दोन ऑक्साइड शेजारी ठेवा. सिरियम घातलेला एलएसओ, म्हणजे ल्युटेशियम ऑक्सिऑर्थोसिलिकेट, पेट स्कॅनरमधला (रुग्णाच्या शरीरातून येणारे गॅमा टिपणाऱ्या यंत्रातला) लाडका, २६-२७ हजार फोटॉन देतो आणि ६६२ ला रिझोल्युशन ८ ते १० टक्के. वायएपी, म्हणजे यिट्रियम ॲल्युमिनियम पेरोव्हस्काइट, १८ हजारांच्या आसपास, पण चांगला नमुना साडेचार टक्क्यांपर्यंत उतरतो. उजेड कमी, पीक अर्ध्याने बारीक! वायएपीचा वाणी नोट आणि नाणं यांत फारसा भेद करत नाही, एवढंच. लँथनम ब्रोमाइडचंही तेच. त्याच्या ३ टक्क्यांचं श्रेय सगळेजण ६३,००० फोटॉनांच्या खात्यावर टाकतात, सरळपणाचं नाव कोणी घेत नाही. २०१३ मध्ये डेल्फ्टच्या गटाने त्यात थोडं स्ट्रॉन्शियम घातलं आणि रिझोल्युशन २ टक्क्यांवर आणलं. उजेड वाढला तो किरकोळ. सुधारली ती प्रमाणबद्धता.

म्हणून स्पेक्ट्रोस्कोपीसाठी क्रिस्टल निवडताना मी आधी दर केईव्हीमागच्या उजेडाचा आलेख मागतो, यील्ड नंतर. पेटमध्ये उलट. तिथे टायमिंगला पहिल्या काही फोटॉनांचीच गरज, त्यामुळे एलएसओचं रिझोल्युशन खपून जातं.

हा वाकडेपणा पाहायला महागडं काही लागत नाही. त्याच सोडियम आयोडाइडवर अमेरिशियम-२४१ चे ५९.५ केईव्ही घ्या, पीकचा चॅनेल (स्क्रीनवरच्या आडव्या अक्षावरचा क्रमांक) भागिले ऊर्जा काढा, सीझियम-१३७ च्या ६६२ शी ताडून पाहा. पेडेस्टल (शून्य ऊर्जेलाही दिसणारा चॅनेल) नीट वजा केलं असेल तर कमी ऊर्जेचा बिंदू दहाएक टक्के वर बसतो. जर्नलमध्ये मुलं तिथे लिहितात, "ॲम्प्लिफायरच्या ऑफसेटमुळे".