घरची मोटरहोम विकताना: गोव्यातली नावबदली, पात्रता आणि कागदपत्रे

आमच्या ट्रॅव्हलरमध्ये बाबांनी दोन बाक काढून पलंग बसवला, मागे ओटा केला आणि छपरावर सोलर पॅनल चढवला. त्या गाडीने आम्ही चोर्ला घाटातून बेळगाव आणि पुढे नरसोबाच्या वाडीला किती वेळा गेलो, याचा हिशेब नाही. बाबा गेल्यावर गाडी अंगणात उभी राहिली. आईनेच एक दिवस म्हटले की तिला फिरवणारे घर मिळू दे. तेव्हापासून नवीन मालकाचे नाव आरसीवर येईपर्यंत जे करावे लागले, ते इथे लिहितो आहे.

पैसे आले आणि चावी दिली की गाडी विकली, असे आपण समजतो. कायदा तसे समजत नाही. आरसीवर ज्याचे नाव, तोच मालक. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हेच सांगितले: गाडी पुढे दोन-चार हातांत गेली, तरी नोंद बदलली नसेल तर अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीकृत मालकच जबाबदार. आमच्या घरी याची झळ आधी बसली होती. जुनी स्कूटर एका मध्यस्थाला कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिली होती, आणि दीड वर्षाने कोणा परक्याचे चलन आमच्या मोबाइलवर आले. म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. खरेदीदाराचे नाव, पत्ता, रक्कम आणि तारीख आधी भरा, मग सही करा.

विकण्याचा हक्क कोणाला

आरसीवर ज्याचे नाव आहे, त्यालाच. नवऱ्याच्या नावावरची गाडी बायको आपल्या सहीने विकू शकत नाही, बापाची मुलगा विकू शकत नाही. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची ना-हरकत आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवावा लागतो.

मालक हयात नसेल तर एक पायरी वाढते, आणि गोव्यात ती पायरी शेजारच्या सिंधुदुर्गापेक्षा वेगळी आहे. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालत आला आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरली जाते. म्हणजे गाडी बाबांच्या नावावर असली तरी अर्धी आईचीच होती, आणि बाबांचा अर्धा वाटा आम्हा मुलांकडे आला. वारस कोण हे ठरवणारा दस्त २०१२च्या गोवा उत्तराधिकार कायद्याखाली विशेष नोटरीसमोर, म्हणजे तालुक्याच्या उपनिबंधक कार्यालयात होतो. जुनी माणसे अजून त्याला ‘हाबिलितासांव’ म्हणतात. घर-जमिनीसाठी तो दस्त करायचा असेल तर गाडीसाठी वेगळी धावपळ करू नका, तोच उपयोगी पडतो.

मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओ कार्यालयाला कळवले, तर गाडी ज्याच्या ताब्यात आली त्याला ती तीन महिने चालवता येते. त्या मुदतीतच फॉर्म ३१ भरून गाडी एका वारसाच्या नावावर करून घ्यायची. सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचा दस्त आणि बाकीच्या वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र. आमची गाडी आधी आईच्या नावावर झाली, मग विकली गेली. या दोन्ही पायऱ्या एकाच फेरीत उरकून देतो असे कोणी सांगितले तर थांबा.

मोटरहोमची खरी अडचण

साध्या गाडीत हा प्रश्न येत नाही. आरसी हातात घ्या आणि वाहनाचा वर्ग वाचा. तिथे मोटर कॅरव्हॅन किंवा खासगी वापराची कॅम्पर व्हॅन असे असेल तर निर्धास्त राहा. पण कागदावर तेरा आसनांची प्रवासी गाडी आणि आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, असे असेल तर तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली विनापरवानगी बदल ठरतो. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये बजावले आहे. अशी गाडी घेणाऱ्याला विम्याच्या दाव्यात त्रास होतो आणि शेवटी तो तुमच्या दारात येतो. गिऱ्हाईक शोधण्याआधी आरसी, मूळ बिल आणि आतले फोटो घेऊन मोटार वाहन निरीक्षकाला भेटा. बाबांनी तेव्हाच परवानगी घेऊन नोंद करून ठेवली होती. त्या एका कागदाने आमचे काम सोपे केले.

गाडीला नोंदणीपासून १५ वर्षे होत आली असतील तर नोंदणीचे नूतनीकरण आधी करून घ्या. मुदत संपलेल्या आरसीवर नाव बदलत नाही.

अर्ज कुठे आणि कसा

आपण आरटीओ म्हणतो, पण गोव्यात फलकावर सहायक वाहतूक संचालक असे लिहिलेले असते. अर्ज खरेदीदार जिथे राहतो त्या हद्दीतल्या कार्यालयात जातो. आमची गाडी म्हापशाची, जीए-०३. घेणारे कुटुंब फोंड्याचे, म्हणून अर्ज फोंड्याला गेला. गाडीचा नंबर तोच राहिला.

सुरुवात परिवहन पोर्टलवर होते. गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच अंक टाकले की नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. इथेच बरेच जण अडतात, कारण नोंदलेला नंबर कधीच बंद पडलेला असतो. तो आधी बदलून घ्या. शुल्क पोर्टल स्वतःच दाखवते आणि तिथेच भरून घेते.

फॉर्म २९ विकणाऱ्याचा, तो दोन प्रतींत द्यायचा. फॉर्म ३० घेणाऱ्याचा. त्यांना मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, दोघांची ओळखपत्रे, घेणाऱ्याच्या पत्त्याचा पुरावा, पॅन, फोटो आणि चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट (कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतलेला ठसा) जोडा. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. थकलेली चलने अर्ज अडवून धरतात. ती आधी भरून टाका.

गिऱ्हाईक बेळगावचे किंवा कोल्हापूरचे असेल तर फॉर्म २८ भरून इथल्या कार्यालयाची एनओसी घ्यावी लागते. अर्जाला ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर कायद्याने ती दिली असे धरले जाते. तिकडचा रोड टॅक्स कोण भरणार, हे सौदा ठरतानाच बोलून घ्या.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला विकत असाल तर तो नोंदणीकृत आहे का हे विचारा. १ एप्रिल २०२३ पासून अशा व्यापाऱ्यांसाठी अधिकारपत्राचा नियम आहे, आणि गाडी त्यांच्या ताब्यात दिल्याची सूचना पोर्टलवरून कार्यालयाला देता येते. ती दिल्याशिवाय गाडी सोडू नका.

किनारपट्टीवरची एक गोष्ट मुद्दाम सांगतो. काही जण अशी गाडी पर्यटकांना भाड्याने द्यायला घेतात आणि नाव ‘सीझन संपल्यावर’ बदलू म्हणतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे, आणि कारवाई झाली की नोटीस तुमच्या नावाने येते. अशा गिऱ्हाइकाला आम्ही नाही म्हटले, जरी तो जास्त पैसे देत होता.

पैसे, विमा आणि आतले सामान

रक्कम बँकेतूनच घ्या. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे. घरच्या वापराची गाडी विकून आलेल्या पैशावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही.

विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घेण्याचे काम घेणाऱ्याचे. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र गाडीचा नसून मालकाचा असतो. कंपनीकडून त्याचे पत्र घेऊन ठेवा, पुढच्या गाडीला लागेल. फास्टॅग बंद करा. घरगुती गॅसचा सिलिंडर गाडीबरोबर देऊ नका. तो तुमच्या जोडणीवरचा आहे, काढून घ्या. बॅटऱ्या, सोलर पॅनल, इन्व्हर्टर यांची यादी विक्रीच्या करारात लिहा. चावी दिल्याची तारीख आणि वेळही लिहा.

यानंतर एम-परिवहन ॲपवर अधूनमधून नंबर टाकून बघत राहा. मालकाच्या नावाची काही अक्षरे झाकलेली असतात, तरी नाव बदलले की ओळखू येते. आमच्या गाडीवर फोंड्याच्या बाईंचे आद्याक्षर दिसले, तेव्हा आईने त्यांना फोन करून मागच्या पलंगाखाली ठेवलेली बाबांची घाटरस्त्यांची वही गाडीतच ठेवायला सांगितली.