‘वुडन’ म्हणजे नेमके काय? घराच्या जमिनीची पार्श्वभूमी

‘मास्टर बेडरूममध्ये वुडन फ्लोअरिंग’ ही ओळ हल्ली ठाणे-पिंपरीकडच्या मध्यम आकाराच्या प्रकल्पांच्या माहितीपत्रकातही दिसते. रीसेलच्या जाहिरातीत ती मॉड्युलर किचनच्या शेजारी बसते. तिच्यामुळे गिऱ्हाईक वळते का, यावर दलालांत दोन तट आहेत. पण ज्या मुंबईत ‘लाकडी’ ऐकून गिऱ्हाईक जिन्यावरूनच परत फिरायचे, तिथे हा शब्द चैनीच्या यादीत कसा आला, हे आधी पाहायला हवे.

जुन्या चाळींचे वरचे मजले सागाच्या तुळया आणि फळ्यांवर उभे होते. कुठे फळी उघडी, कुठे तिच्यावर कोबा किंवा लादी. साग बराचसा ब्रह्मदेशातून यायचा. त्या व्यापारासाठी 1863 साली निघालेल्या मुंबईच्या एका कंपनीला तिथल्या दरबाराने ठोठावलेला दंड 1885 च्या तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाचे निमित्त ठरला. गिरगावातल्या पावलांखाली एवढे राजकारण होते. दुसऱ्या महायुद्धात जपानने ब्रह्मदेश घेतला आणि ती वाट तुटली. तोवर मरीन ड्राइव्हवर आर.सी.सी., म्हणजे लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटच्या, इमारती उभ्या राहू लागल्याच होत्या.

लाकडी मजल्याची पत मात्र परदेशी लढाईने नाही, घरच्या भाड्याने घालवली. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतले. 1969 च्या कायद्याने अशा इमारतींवर उपकर बसवून दुरुस्तीची जबाबदारी एका मंडळाकडे दिली. उपकराच्या वर्गवारीत 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात गेल्या. अतिधोकादायक इमारतींची यादी अजूनही पावसाळ्याच्या तोंडावर निघते. वरच्या बिऱ्हाडात खलबत्ता वाजला की खाली जेवायला बसलेल्यांच्या ताटात भुगा पडायचा, मोरीलगतची तुळई कुजली की तिला टेकू लागायचा. पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे मोजून भाडेहक्क घेण्याच्या, व्यवहारात ‘मजला लाकडी आहे’ हे देणारा आपणहून सांगत नसे, घेणाऱ्याला खोदून विचारावे लागे. त्याच काळात उपनगरांतल्या जाहिरातींत ‘आर.सी.सी. बांधकाम’ हे शब्द ठळक अक्षरांत छापून येत.

मधला टप्पा आपल्या सगळ्यांच्या पायाखालून गेला आहे: शहाबादी, मोझॅक, कोटा, मार्बल आणि मग मोरबीची दोन बाय दोन फुटांची व्हिट्रिफाइड टाइल. तिथे थांबत नाही.

खरा घोळ ‘वुडन फ्लोअरिंग’ या शब्दाचा आहे. बाजारात त्याचे निदान चार अर्थ चालतात. पहिला अस्सल: साधारण 18 मिलिमीटर जाडीची भरीव फळी. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये ती क्वचितच दिसते. दुसरा ‘इंजिनिअर्ड’: वर दोन ते सहा मिलिमीटर खरे लाकूड, खाली प्लायचे थर. तिसरा लॅमिनेट. हे 1970 च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये निघाले, आणि गोंदाशिवाय एकमेकांत अडकणाऱ्या पट्ट्या 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात आल्यावर जगभर पसरले. त्याचा गाभा लाकडाचे तंतू दाबून केलेला असतो, वर छापील कागद आणि त्यावर टणक थर. म्हणजे डोळ्याला दिसते ते ओकचे छायाचित्र. चौथ्या अर्थात लाकूड नावालाही नाही: आठ इंच रुंद, चार फूट लांब टाइलवर छापलेल्या रेषा. तिला ‘वुडन फिनिश’ म्हणतात, आणि बोलण्याच्या ओघात ‘फिनिश’ हा शब्द गळतो.

कायद्याला जमीन दिसत नव्हती असे नाही. फ्लॅटच्या मालकीविषयीच्या 1963 च्या राज्य कायद्यानेच बिल्डरला घरातल्या जोडण्या आणि सोयी उघड करायला सांगितले होते. 1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू झालेल्या केंद्रीय कायद्याने कबूल केलेल्या गोष्टी परस्पर बदलायला मनाई केली. राज्याच्या नमुना करारात तर फ्लोअरिंगचा नावानिशी उल्लेख आहे: ब्रँड लिहा, ब्रँड नसेल तर किमतीचा पल्ला लिहा. माझ्या मते गाडी इथेच अडली. ब्रँडचे नाव पडले की रकाना भरतो, आणि पुढे ‘किंवा समतुल्य’ जोडले की तोही सैल होतो. पायाखाली लाकूड येणार, कागद येणार की भाजलेली माती, हे शब्दांत बांधून घेण्याचे काम घेणाऱ्यावरच राहिले. बिल्डरांची बाजू अशी की गिऱ्हाईकाला लाकडाचा रंग हवा असतो, लाकडाची निगा नको असते. यात तथ्य आहे. मग तसेच छापायला हरकत नसावी.

रीसेलमध्ये हा घोळ हाताने उकलतो. पुण्यात एका फ्लॅटमध्ये मुलगा-सून दिव्यांचे कौतुक करत असताना सासूबाई खाली बसल्या, बोटांच्या पेरांनी जमीन वाजवली आणि म्हणाल्या, “पोकळ वाजतंय हो हे.” लॅमिनेटखाली फोम अंथरतात, त्यामुळे तो आवाज येतो; तो दोष नव्हे. दोष खिडकीपाशी होता. रोज ओल्या पोछ्याने पुसून दोन पट्ट्या सांध्यावर फुगल्या होत्या. भिंतीलगत साधारण आठ-दहा मिलिमीटर फट सोडून ती स्कर्टिंगखाली झाकायची असते, कारण जुलैच्या दमट हवेत पट्ट्या पसरतात. घाईतला मिस्त्री फट सोडत नाही आणि मग खोलीच्या मधोमध जमीन वर येते. गिऱ्हाईक अशा खोलीचे पैसे वाढवत नाही, उखडण्याचा खर्च वजा करते.

तरीही लाकडाने भाव वाढतो हे पटवायला अमेरिकी आकडे पुढे केले जातात. तिथल्या दलालांच्या संघटनेच्या 2022 च्या अहवालात जुनी लाकडी जमीन घासून पॉलिश करण्याचा 147 टक्के, तर नवी बसवण्याचा 118 टक्के खर्च विक्रीत वसूल होतो, असा अंदाज होता. तो भरीव लाकडाच्या, पुनःपुन्हा घासता येणाऱ्या जमिनीला धरून आहे. लॅमिनेट घासले तर छायाचित्रच निघून जाईल. आपल्या रेडीरेकनरमध्ये, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठीच्या सरकारी दरपत्रकात, घसारा बांधकामाचा प्रकार आणि वय पाहून धरतात, बेडरूममध्ये काय अंथरले आहे ते पाहून नाही.

अलीकडे दुकानदार ‘पाण्याला घाबरत नाही’ म्हणून एस.पी.सी.च्या पट्ट्या दाखवतात. त्याही ‘वुडन फ्लोअरिंग’मध्येच मोडतात. त्यांचा गाभा चुनखडीची भुकटी आणि प्लॅस्टिक मिळून झालेला असतो. शहाबादी फरशीही चुनखडीचीच.