डीपी उलटी चालते तेव्हा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळलं आणि रायगडातली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. त्या दिवसांत आत्याकडे मी एक वायर पाहिली. दोन्ही टोकांना पितळी पिनांचा प्लग! एक टोक भाड्यानं आणलेल्या जनरेटरमध्ये, दुसरं ओटीवरच्या सॉकेटमध्ये. ज्या सॉकेटमधून वीज घ्यायची, त्यातूनच ती घरभर सोडलेली. "पंप चालतो, फ्रीज चालतो, अजून काय हवं?" आतेभाऊ म्हणाला.

प्लग निसटला तर उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात, हे कुणालाही कळेल. पण ही वीज घरात थांबत नाही. मेन स्विच चालू असेल तर ती मीटर ओलांडते, सर्व्हिस वायरनं खांबावर जाते आणि तिथून डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर.

ट्रान्सफॉर्मर हे माझं फार आवडतं यंत्र. हलणारा एकही भाग नाही. लोखंडी गाभा आणि त्याभोवती तारेची दोन वेटोळी, एवढंच. एका वेटोळ्यातून एसी प्रवाह गेला की गाभ्यातलं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला ५० हेलकावे खातं, आणि बदलतं क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्यात व्होल्टेज निर्माण करतं. फॅरेडेनं १८३१ साली दाखवलं ते हेच. व्होल्टेज किती, हे फेऱ्यांच्या गुणोत्तरावर ठरतं. गावातली डीपी ११,००० व्होल्ट घेते आणि दर फेजला साधारण २५० देते, म्हणजे गुणोत्तर ४४.

पण वीज कोणत्या बाजूनं आली याच्याशी गाभ्याला कर्तव्य नसतं. आपल्या बाजूनं २३० व्होल्ट घातले तर पलीकडे २३० गुणिले ४४, म्हणजे दहा हजारांच्या वर व्होल्ट उभे राहतात. वरच्या बाजूची वेटोळी दोन-दोन तारांच्या मध्ये (डेल्टा) आणि आपल्या बाजूची फेज-न्यूट्रलच्या मध्ये (स्टार) जोडलेली असल्यानं ते वरच्या दोन तारांच्या मध्ये येतात. आणि 'लाइन बंद आहे' म्हणून लाइनमन चढलेला असतो तो त्याच तारांवर.

छोटा जनरेटर अख्ख्या गावाचा लोड कसा ओढेल, तो ट्रिप होईल, असं काही वायरमन सांगतात. बऱ्याचदा होतोही. पण वादळात तारा मधेच तुटलेल्या असतात, शेजाऱ्यांचे मेन पाडलेले असतात, लोड उरतच नाही. आणि तार खांबाच्या अलीकडे तुटून पडली असेल तर दहा हजारांची गरजही नाही. ओल्या अंगणात २३० पुरेसे होतात.

वादळ आलं की अंगणात कोयता किंवा पहार फेकायची, म्हणजे घरावर वीज पडत नाही, असं अजून मानतात. आकाशातल्या विजेला त्या कोयत्याशी काही देणंघेणं नाही. तो फेकायला उघड्यावर जाणारा मात्र तिच्या वाटेत येतो. विजेची एवढी धास्ती बाळगणारी माणसं ही वायर बिनदिक्कत लावतात, याचं मला फार वाईट वाटतं.

"छतावर सोलर आहे, तरी लाइट कशी गेली?" या तक्रारीमागेही उलट्या जाणाऱ्या विजेचंच कारण आहे. ग्रिडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर लाइन गेल्याचं ओळखतो आणि स्वतःहून बंद पडतो. तो बिघाड नाही. खांबावरच्या माणसासाठी तो मुद्दाम तसा बनवलेला असतो.

मेन पाडला की झालं, असं आतेभावाचं म्हणणं. पण पाडायचा विसरला तर? त्यासाठी चेंजओव्हर स्विच असतो. त्याचं पातं एका वेळी एकतर लाइनला टेकतं, नाहीतर जनरेटरला, दोन्हीला कधीच नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा घ्यायचा. लाइन अचानक परत आली तरी जनरेटर जळत नाही, हा वरचा फायदा.

तालुक्याचं दुकान बंद होतं. मी वायरीचा एक प्लग कापला, जनरेटर ओटीवरून दूर परड्यात नेला, कारण त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. पंप आणि फ्रीज एक्स्टेंशननं थेट जनरेटरला जोडले. दिवे काही लागले नाहीत. आत्यानं कंदिलाची काच पुसायला घेतली.