स्क्रीन उघडताना होणारा क्रॅश (अँड्रॉइड)

अँड्रॉइड ॲपमध्ये एका स्क्रीनवरून दुसरीकडे जाताना, नवी स्क्रीन दिसण्याआधीच ॲप बंद पडण्याचा दोष व त्याचे निदान. अँड्रॉइडमध्ये स्क्रीनमागे परंपरेने ॲक्टिव्हिटी हा क्लास असतो. पहिल्या आवृत्तीपासून (२००८) ही रचना टिकून आहे. स्क्रीनची रचना कोडमध्येच लिहिण्याचे साधन जेटपॅक कंपोज स्थिर झाल्यानंतर (२०२१) एकाच ॲक्टिव्हिटीत सर्व स्क्रीन बसवण्याकडे कल वाढला. अशा ॲपना पुढील विवेचन अंशतःच लागू पडते.

कार्यपद्धती : नवी स्क्रीन ॲप स्वतः उघडत नाही, फक्त तशी विनंती करते. इंटेंटच्या (काय उघडायचे व सोबत कोणती माहिती द्यायची हे सांगणाऱ्या ऑब्जेक्टच्या) रूपातील ही विनंती, दोन प्रोसेसमध्ये निरोप पोचवणाऱ्या बाइंडर या यंत्रणेमार्फत प्रणालीच्या वेगळ्या प्रोसेसमधील सेवेकडे जाते. ही सेवा अँड्रॉइड ९ पर्यंत ॲक्टिव्हिटी मॅनेजर होती, १० पासून ॲक्टिव्हिटी टास्क मॅनेजर. तेथे मॅनिफेस्टमधील (ॲपच्या घटकांची यादी असलेल्या फाइलमधील) नोंद तपासली जाते आणि मग ॲपच्या मेन थ्रेडला निरोप येतो. ॲक्टिव्हिटीचा क्लास नावावरून शोधून त्याचा ऑब्जेक्ट बनवला जातो. त्यामुळे कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड) पॅरामीटरविना असावा लागतो. त्यानंतर ऑनक्रिएट ही सुरुवातीची मेथड चालते व बहुधा त्यातच लेआउटची (घटकांच्या मांडणीची) एक्सएमएल फाइल वाचली जाते. या साखळीत एखादे एक्सेप्शन (ॲप चालू असताना उद्भवलेली चूक) कोणी पकडले नाही, तर अख्खी प्रोसेस संपवली जाते.

निदान : लॉगकॅट या अँड्रॉइडच्या नोंदवहीत ‘फेटल एक्सेप्शन : मेन’ या शब्दांपासून वाचायला सुरुवात करतात. त्याखालील ‘अनेबल टू स्टार्ट ॲक्टिव्हिटी’ ही ओळ नुसते वेष्टन आहे. नवखे विकासक तेवढीच शोधयंत्रात टाकतात आणि भरकटतात. मूळ कारण ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणाऱ्या शेवटच्या ओळीत असते, आणि दोषाचे ठिकाण त्याखाली ॲपच्या स्वतःच्या पॅकेजचे नाव जेथे प्रथम येते तेथे. ‘स्टार्ट’ऐवजी ‘इन्स्टन्शिएट’ असेल तर गडबड ऑनक्रिएटच्याही आधीची : क्लासच्या फील्डमध्येच फाइंडव्ह्यूबायआयडी (लेआउटमधील घटक शोधणारी मेथड) लिहिणे हे त्याचे नेहमीचे कारण. वितरित ॲपमध्ये आर८ या कोड आटोपशीर करणाऱ्या साधनाने नावे आखूड केलेली असल्यास मॅपिंग फाइलशिवाय स्टॅकट्रेसचा (एक्सेप्शनपर्यंतच्या मेथडच्या यादीचा) उलगडा होत नाही.

कारणे : मॅनिफेस्टमध्ये नोंद नसणे हे सर्वांत प्रसिद्ध कारण. पण त्यात संदेशच उपाय सांगतो, त्यामुळे ते फारसे त्रासदायक नाही. ॲपकॉम्पॅट (जुन्या आवृत्त्यांशी सुसंगतता राखणारी लायब्ररी) ॲक्टिव्हिटीला त्याच कुळातील थीम न देणे, लेआउटमध्ये क्लासचे नाव चुकणे, मजकुराच्या जागी पूर्णांक दिल्यामुळे तो रिसोर्स क्रमांक समजला जाणे, हीही कारणे परिचित आहेत. ॲक्टिव्हिटीबाहेरील कॉन्टेक्स्टवरून (ॲपला प्रणालीशी जोडणाऱ्या ऑब्जेक्टवरून) स्क्रीन उघडताना ‘न्यू टास्क’ फ्लॅग लागतो. अँड्रॉइड ७.० मध्ये शिरलेल्या एका दोषामुळे ही अट काही काळ लागू होत नव्हती. अँड्रॉइड ९ (२०१८) मध्ये ती परत आली. त्या काळात लिहिलेली काही ॲप पुढे अचानक कोसळू लागली, ती यामुळे.

व्यवहारात सर्वाधिक आढळतो तो नल संदर्भ (कोणत्याच ऑब्जेक्टकडे न निर्देशणारा संदर्भ) : लेआउट बसवण्याआधी किंवा भलत्याच लेआउटमध्ये घटक शोधला, की हाती नल येतो. नलच्या उगमाविषयी मतभेद आहेत. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत, आपण १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू भाषेसाठी नल संदर्भ आणला असे सांगून त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. लिस्प या भाषेतील निल त्याहून जुने आहे, असा आक्षेप घेतला जातो. मात्र निल हे रिकाम्या यादीचे चिन्ह होते. टाइप ठरलेल्या संदर्भात नल घालण्याची जी प्रथा जावात व तेथून अँड्रॉइडमध्ये आली, तिचे मूळ होअर यांच्याकडेच शोधणे अधिक युक्त दिसते. अँड्रॉइड ५.० (२०१४) पासून नलवर कोणती मेथड बोलावली गेली हे संदेशातच येते.

बाइंडरची मर्यादा : इंटेंटमधून मोठे चित्र किंवा लांबलचक यादी पाठवल्यास ‘ट्रान्झॅक्शन टू लार्ज’ हे एक्सेप्शन येते. मर्यादा १ एमबी असल्याचे सर्वत्र छापले जाते, तथापि तो आकडा एका इंटेंटचा नसून प्रोसेसमधील सर्व चालू व्यवहारांच्या सामायिक बफरचा आहे. ४ केबीची मेमरी-पाने असलेल्या डिव्हाइसवर दोन पाने वजा जाऊन तो १,०१६ केबी भरतो. विकासकांत प्रचलित असलेला ५०० केबीचा अनुभवजन्य आकडा काहीजण निराधार मानतात. परंतु ॲक्टिव्हिटी सुरू करण्याचा निरोप ॲपकडे एकतर्फी, उत्तराची वाट न पाहणाऱ्या व्यवहारातून येतो आणि कर्नलमधील ड्रायव्हर अशा व्यवहारांना बफरचा निम्माच भाग देतो. हे पाहता ५०० केबी हा आकडा वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जातो. जतन केलेल्या स्थितीसाठी (स्क्रीन पुन्हा उभारण्यासाठी ठेवलेल्या माहितीसाठी) गूगलची शिफारस याहून बरीच कमी, ५० केबीखाली राहण्याची आहे.

येथे निदान हमखास चुकते. नवी स्क्रीन पुढे आली की जुनी थांबते आणि तिची जतन केलेली स्थिती याच बाइंडरवरून जाते. ती फुगलेली असली तर क्रॅश होतो आणि दोष नव्या स्क्रीनवर ढकलला जातो. अँड्रॉइड ७.० (२०१६) पूर्वी असा प्रकार लॉगमध्ये नोंदून किंवा दडपून सोडून दिला जाई. नव्या स्क्रीनला फक्त ओळखक्रमांक देऊन माहिती डेटाबेसमधून वाचावी, हा सर्वमान्य उपाय होय.

भाषेनुसार होणारे क्रॅश : फोनची भाषा मराठी असली की मजकूर घडवणारी स्ट्रिंग फॉरमॅट ही मेथड अंकही देवनागरीत देते. ‘१२.५’ अशी स्ट्रिंग पुढच्या स्क्रीनवर डबल पार्सला (मजकुरातून दशांश संख्या काढणाऱ्या मेथडला) दिल्यास नंबर फॉरमॅट एक्सेप्शन येते. पूर्णांकाचे पार्सिंग मात्र देवनागरी अंक स्वीकारते, त्यामुळे दोष फक्त दशांश संख्यांवर उमटतो आणि इंग्रजी फोनवरील चाचणीत मुळीच सापडत नाही. वापरकर्त्याला न दाखवायच्या संख्यांसाठी लोकेल रूट (कोणत्याही भाषेशी न बांधलेले लोकेल) स्पष्टपणे द्यावे.

आयओएस : तेथे समांतर दोष बहुधा स्टोरीबोर्डमधील (स्क्रीन आखण्याच्या फाइलमधील) आउटलेटची, म्हणजे घटक व कोड यांच्या दुव्याची, जोडणी तुटल्याने किंवा स्विफ्ट भाषेतील ऑप्शनल (रिकामे असू शकणारे मूल्य) सक्तीने उघडल्याने होतो.