सोयाबीन वाणाच्या उताऱ्याचा आकडा कसा वाचावा

पेरणीच्या तोंडावर आमच्याकडे बियाणं घ्यायला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: सर्वांत जास्त उतारा, म्हणजे हेक्टरी उत्पादन, कोणत्या वाणाचा? त्यात इंदूर-देवासकडच्या आपल्या मराठी घरांत सांगली-कोल्हापूरच्या पाहुण्यांचा फोन येऊन गेलेला असतो. तिकडे फुले संगम जोरात आलाय, मग इकडे का नको?

फुले संगम (केडीएस ७२६) उत्तमच वाण आहे. सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रावर तो तयार झाला. तो तांबेरा हा पानांवरचा रोग सोसतो आणि १०० ते १०५ दिवसांत येतो. कृष्णाकाठी तांबेऱ्याचीच धास्ती असते, म्हणून तिथे त्याचा आकडा उठून दिसतो. माळव्यात आपल्याला जास्त छळतो तो पिवळा मोझॅक, म्हणजे पानं पिवळी पाडणारा विषाणूजन्य रोग. शिवाय सोयाबीनचा फुलोरा दिवसाच्या लांबीवर ठरतो. जूनअखेरीस इंदूरचा दिवस सांगलीपेक्षा वीस-पंचवीस मिनिटांनी मोठा असतो, त्यामुळे दक्षिणेकडचा वाण इथे फुलायला उशीर करू शकतो. हलक्या, उथळ रानात मग नेमके दाणे भरताना ओल संपते. ज्यांना मागून बटाटा किंवा लसूण लावायचा आहे त्यांचं रानही अडकून पडतं. अशांना आम्ही जेएस २०-३४ सारखा ८५ दिवसांच्या आसपास येणारा वाण सुचवतो, कागदावरचा आकडा थोडा कमी असला तरी. मोझॅक दरवर्षी येत असेल तर मात्र जेएस २०-२९ किंवा जेएस २०-६९ बद्दल विचारा.

वाणांच्या चाचण्यांचा तक्ता हातात आला की आधी तुल्य वाण, म्हणजे तुलनेसाठी शेजारी पेरलेला प्रचलित वाण, कोणता ते शोधा. समजा एका केंद्रावर नव्या वाणाने हेक्टरी २४ क्विंटल दिले आणि तुल्य वाणाने २२. दुसऱ्या केंद्रावर १६ आणि १२. मोठा आकडा पहिल्या केंद्राचा, पण नव्या वाणाने स्वतःचं काम दाखवलं ते दुसऱ्या केंद्रावर. तिथे फरक ४ क्विंटलचा आहे. २४ मधलं बरंचसं श्रेय जमिनीचं आणि पावसाचं. म्हणून सांगलीचा आकडा इंदूरच्या आकड्याला लावून पाहू नका. एकाच केंद्रावरचे, एकाच हंगामातले दोन वाण शेजारी धरा, आणि तोच फरक आणखी दोन-तीन वर्षं, आणखी चार ठिकाणी टिकतो का ते बघा. तक्त्याखाली 'क्रांतिक फरक' छापलेला असतो, म्हणजे खरा मानायला दोन वाणांत किमान किती अंतर हवं तो आकडा. दोन वाणांतलं अंतर त्याहून कमी असेल, तर ते बरोबरीचे समजायचे.

अखिल भारतीय समन्वित सोयाबीन प्रकल्प १९६७ पासून अशा चाचण्या घेतो, आणि सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था तर आपल्या इंदुरातच आहे. प्रकल्पाच्या विभागणीत मध्य प्रदेश, विदर्भ आणि मराठवाडा मध्य विभागात येतात, सांगली-कोल्हापूर दक्षिण विभागात. म्हणजे परभणी-अकोल्याचे आकडे आपल्या जास्त उपयोगाचे. वाणाची शिफारस कोणत्या विभागासाठी आहे, हे बियाणं घेण्याआधी आम्हाला जरूर विचारा.

सगळ्यात खात्रीचा तक्ता मात्र तुमच्याच रानात तयार होतो. नवा वाण थोड्या ओळींत, नेहमीच्या वाणाला लागून, त्याच दिवशी पेरा. खत, फवारणी दोन्हींना सारखी. काढणीच्या वेळी बांधाकडच्या ओळी सोडा, कारण तिथली झाडं मोकळ्या जागेमुळे जास्त लगडतात. ४० सेंमी अंतरावरच्या १० ओळी, ५ मीटर लांबीच्या, वेगळ्या कापा. हे झाले २० चौरस मीटर. मळणी करून दाणे वाळवा आणि वजन घ्या. जितके किलो भरतील त्याची पाचपट म्हणजे हेक्टरी क्विंटल: ४ किलो भरले तर २०. चार बिघ्यांचा हेक्टर धरला तर बिघ्याला ५. वाळवणं टाळू नका. १८ टक्के ओलाव्याचे १०० किलो दाणे १२ टक्क्यांवर आले की ९३ किलोच राहतात, आणि ओल्या वजनाने उशिरा येणारा वाण उगाच सरस ठरतो.

बियाणं घ्यायला याल तेव्हा जमीन भारी की हलकी, पाण्याची सोय काय, आणि रब्बीत काय घेणार, एवढं सांगा. अशी वजनं लिहून ठेवली असतील तर तो कागदही आणा. तुमच्या गावाजवळच्या इतर ग्राहकांच्या नोंदींशी ती लावून देतो.